विश्लेषण : घसादुखीवरच्या ‘बेलाडोना’ची गोष्ट कुठून सुरू झाली?

दरवर्षी १० एप्रिलला जागतिक होमिओपॅथी दिन साजरा होतो. तो या उपचारपद्धतीचे जनक सॅम्युएल हानेमान यांचा जन्मदिवस. घसा लालबुंद झाला, गिळताना दुखू लागले, ताप चढला की होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये हमखास येणारे नाव म्हणजे बेलाडोना. या औषधाचे घशाशी नाते जुळले ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका छोट्या गावात. तेही एका मुलीच्या दुखऱ्या बोटांमुळे.

हानेमान मुळात कोण होते?

हानेमान यांचा जन्म १७५५ चा, सॅक्सनीतील माइसेनचा. वडील तिथल्या प्रसिद्ध चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवत. मुलाने १७७९ मध्ये एर्लांगेन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली. पण त्या काळच्या उपचारांवरून त्याचे मन लवकरच उडाले. रुग्णाचे रक्त काढणे, जुलाब देणे, पारा चारणे हाच तेव्हाचा शिरस्ता होता. १७९२ मध्ये सम्राट लिओपोल्ड दुसरा यांचे वारंवार रक्त काढले गेले आणि त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा हानेमान यांनी दरबारी वैद्यांना जाहीरपणे जाब विचारला. या मुद्द्यावर ते बरोबर होते, हे आज सगळेच मान्य करतात.

मोठ्या कुटुंबाचे पोट मात्र बऱ्याच अंशी भाषांतरांवर चाले. १७९० मध्ये स्कॉटिश वैद्य विल्यम कलन यांच्या ग्रंथाचे भाषांतर करताना त्यांनी सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली. आपल्याला हिवतापासारखी लक्षणे जाणवली, अशी त्यांची नोंद आहे. निरोगी माणसात जे औषध जी लक्षणे निर्माण करते, तेच त्या लक्षणांच्या आजारावर चालते, हे सूत्र त्यांनी १७९६ मध्ये मांडले.

कोनिग्सलुटरमध्ये काय घडले?

१७९९ मध्ये हानेमान कोनिग्सलुटर या गावी राहत होते आणि तिथे स्कार्लेट फीवरची साथ आली. घसा सुजणे, तीव्र ताप आणि अंगभर लाल पुरळ असा हा मुलांचा आजार. तेव्हा तो जीवघेणा होता. एका घरातली तीन भावंडे आजारी पडली. चौथ्या मुलीला आजार झाला नाही. तिला बोटांच्या सांध्यांच्या दुखण्यासाठी आधीपासून बेलाडोना सुरू होता.

बेलाडोना ही विषारी वनस्पती. तिच्यातील अ‍ॅट्रोपिनमुळे घसा कोरडा पडतो, कातडी लाल होते, अंग तापते. हानेमान यांना आपले सूत्र डोळ्यांसमोर खरे होताना दिसले. त्यांनी दुसऱ्या एका घरातल्या निरोगी मुलांना अत्यंत अल्प मात्रेत हेच औषध दिले, तीही वाचली. पुढे त्यांनी या उपायावरच्या पुस्तिकेसाठी आगाऊ वर्गणीदार मागवले. औषधाची पूड देऊ केली, पण नाव सांगितले नाही. त्यावरून बरीच टीका झाली. नाव उघड झाले १८०१ मध्ये, पुस्तिका छापून आल्यावर.

मग औषध लागू पडले होते का?

अडचण इथेच आहे. साथीतही घरातली सगळी मुले आजारी पडतात असे नाही आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांवरून काही सिद्ध होत नाही. औषध न दिलेल्या तशाच मुलांशी तुलना झाली नव्हती. पुढे काही वैद्यांना बेलाडोनाचा गुण आला नाही, तेव्हा हानेमान यांचे म्हणणे असे की, तो आजार खरा स्कार्लेट फीवर नव्हताच; दिसायला तसाच, पण वेगळा होता. असे उत्तर एकदा स्वीकारले की औषध चुकीचे ठरण्याची वाटच उरत नाही.

हा आजार स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे होतो, हे हानेमान यांच्या निधनानंतर कळले. या जिवाणूमुळे होणारी घसादुखी बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरते, त्यामुळे तेव्हा घेतलेली कुठलीही गोळी गुणकारी वाटते. मात्र काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फीवर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. पेनिसिलिन वेळेत दिले तर हे टळते. भारतात झडपांचा हा आजार अजूनही संपलेला नाही.

बेलाडोनाच्या ‘३० सी’ गोळीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. शंभरपट पातळ करण्याची क्रिया ३० वेळा, म्हणजे एकावर ६० शून्ये. साधारण बाराव्या वेळेनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. अर्थात रेणूंची संख्या मोजण्याचा पहिला अंदाज १८६५ मध्ये आला; हानेमान यांच्या हाती तो नव्हता.

पुढचा प्रवास

कोनिग्सलुटर सुटले, मग गावे बदलत राहिली. १८१० मध्ये ‘ऑर्गेनॉन’ हा मुख्य ग्रंथ आला. लाइपझिगमध्ये विद्यार्थी जमले. पण हानेमान स्वतः औषध बनवून देतात म्हणून औषधविक्रेते कोर्टात गेले. अखेर १८२१ मध्ये कोथेनच्या ड्यूकने आसरा दिला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी मेलानी देर्विली या पस्तिशीच्या आतबाहेरच्या फ्रेंच स्त्रीशी लग्न केले आणि पॅरिस गाठले. अनेक वर्षे पैशांची ओढाताण सोसलेल्या हानेमान यांचा दवाखाना तिथे श्रीमंतांच्या गर्दीने भरला. २ जुलै १८४३ रोजी त्यांचे निधन झाले. दफन गाजावाजा न करता माँमार्त्रच्या दफनभूमीत झाले. १८९८ मध्ये अवशेष पेर लाशेज या दफनभूमीत हलवण्यात आले.