भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅम

१८९७ सालच्या जून महिन्याची १२ तारीख. सायंकाळचे सव्वापाच वाजले होते. शिलाँग ही त्या काळी आसाम प्रांताची राजधानी होती. दिवसाचा प्रहर असल्याने पुष्कळ लोक घराबाहेर होते. अकस्मात भूमी हादरू लागली आणि दगडी बांधणीच्या कचेऱ्या, बंगले व चर्च पाहता पाहता जमीनदोस्त झाली. या भूकंपात सुमारे दीड हजार माणसे मृत्यू पावली. एवढा प्रचंड धक्का रात्री बसता, तर केवढा अनर्थ ओढवला असता!

या भूकंपाच्या अभ्यासाचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केले. त्यांचा जन्म १८५८ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. वडील टॉमस ओल्डहॅम हे याच खात्याचे पहिले प्रमुख. भारतातील जुन्या भूकंपांची सूची त्यांनी मोठ्या कष्टाने सिद्ध केली होती. परंतु ती छापली जाण्यापूर्वीच ते निवर्तले. रिचर्ड १८७९ साली खात्यात रुजू झाले व १८८३ साली त्यांनी ती सूची संपादून प्रसिद्ध केली. पितृऋण फेडण्याची ही रीत विरळाच.

आसामच्या भूकंपानंतर ओल्डहॅम यांनी गावोगावची माहिती मागवली आणि स्वतः डोंगर-दऱ्या तुडवल्या. काही ठिकाणी मोठमोठे धोंडे आपल्या खळग्यांतून वर उसळून बाहेर पडलेले त्यांना आढळले. गारो टेकड्यांत चेद्रांग नावाची नदी आहे. तिच्या काठाने जमीन उभी चिरली गेली होती. चिरेची एक बाजू दुसरीपेक्षा काही ठिकाणी दहा मीटर, म्हणजे तिमजली घराइतकी, वर उचलली गेली होती. प्रवाह जेथे ही चीर ओलांडी, तेथे कोठे नवा धबधबा तर कोठे नवा डोह झाला होता. पृथ्वीच्या कवचातील खडक ज्या भेगेवर असे सरकतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. मात्र चेद्रांगची चीर हे केवळ लक्षण असून मूळ कारण खोल भूगर्भात आहे, असे ओल्डहॅम यांचे मत होते.

पुढे दूरदेशींच्या यंत्रांवरील नोंदी तपासून भूकंपाच्या लाटा तीन प्रकारच्या असतात, हे त्यांनी १९०० साली दाखवून दिले. प्रकृती बिघडल्याने १९०३ साली ते निवृत्त झाले. पण अभ्यास सुटला नाही. १९०६ साली, त्याच लाटांच्या आधारे, पृथ्वीच्या पोटात निराळा गाभा असल्याचे त्यांनी सिद्ध केले.

इकडे शिलाँगकरांनी दगडी भिंतींचा नाद सोडला. लाकडी चौकट, कुडाच्या भिंती आणि वर हलके छप्पर अशी घरे त्यांनी बांधली. असे घर डोलते, पण सहसा माणसांवर कोसळत नाही. आपल्या महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंतींखाली व जड धाब्यांखाली हजारो लोक झोपेतच गाडले गेले. किल्लारीचा भूकंप आसामच्या मानाने कितीतरी लहान होता.

ओल्डहॅम १९३६ साली वारले. २००१ साली दोन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातील मोजणीचे आकडे पुन्हा तपासले. शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली, पृष्ठभागावर कोठेही न दिसणारा एक प्रस्तरभंग सरकला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या प्रस्तरभंगाला त्यांनी ओल्डहॅम यांचे नाव दिले.