पॉवर, प्युइसान्स आणि जेम्स वॅट

हॉस्टेलची पॉवर गेली, चष्म्याची पॉवर वाढली, दोनची पॉवर तीन, पॉवर पॉलिटिक्स! मित्रांनो, इंग्लिशला या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो. फ्रेंच लोकांना मात्र भाषांतर करताना निवड करावी लागते. यंत्राची आणि गणितातली पॉवर म्हणजे 'प्युइसान्स', राज्यकर्त्यांची पॉवर म्हणजे 'पुव्वार', आणि घरची पॉवर गेली तर 'कुराँ' गेला, म्हणजे करंट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तरी मला हे लगेच पटलं. मराठीतही सत्ता वेगळी, घात वेगळा, शक्ती वेगळी. चष्म्याला तर आपण सरळ नंबर म्हणतो!

बोलताना असे दहा अर्थ चालतात, पण बिल बनवताना एकच लागतो. हे ज्याला नेमकं कळलं तो जेम्स वॅट.

१७३६ साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावी त्याचा जन्म झाला. किटलीची गोष्ट सगळ्यांनीच ऐकलीय. खरी गोष्ट अशी, की ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणं बनवायचा आणि तिथे न्यूकोमेनच्या इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. त्यात वाफ थंड करायला प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरच गार व्हायचा आणि पुन्हा तापवण्यात कोळसा वाया जायचा. १७६५ मध्ये त्याला सुचलं, वाफ वेगळ्या भांड्यात थंड करू! १७६९ मध्ये पेटंट मिळालं, १७७५ पासून बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला.

खाणमालकांकडून ते वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा घेत. पण ज्याच्याकडे जुनं इंजिन नव्हतंच, फक्त घोडे होते, त्याच्याकडून काय घ्यायचं? म्हणून वॅटने घोडा मोजला. मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम, म्हणजे एक हॉर्सपॉवर. नुसतं किती काम झालं ते नाही, तर किती वेळात झालं ते महत्त्वाचं!

फ्रेंचांनी याचं 'शव्हाल-व्हापर', म्हणजे वाफेचा घोडा केलं आणि मेट्रिकमध्ये बसवताना आकडा गोल केला. सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर वर. इंग्रजी घोडा ७४५.७ वॅटचा, फ्रेंच घोडा ७३५.५ वॅटचा. खाडी ओलांडताना घोडा दहा वॅटने अशक्त झाला की! शब्दाचं भाषांतर झालं आणि मापच बदललं. म्हणून स्पेसिफिकेशन वाचताना हॉर्सपॉवर कुठली, हे बघायलाच हवं.

वॅट १८१९ मध्ये गेला. १८८२ मध्ये सीमेन्सने पॉवरच्या युनिटला त्याचं नाव सुचवलं आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या इंटरनॅशनल काँग्रेसने ते स्वीकारलं. आज लंडन असो, पॅरिस असो की आपली लॅब, वॅट म्हणजे वॅट. ज्या पॉवरला प्रत्येक भाषेत वेगळा शब्द शोधावा लागतो, तिचं माप मात्र भाषांतराशिवाय सगळीकडे चालतं. इंजिनिअरला याहून मोठं स्मारक काय हवं?