पार्ट मिळत नाही? मग लक्ष्मणराव वाचा!

समजा, तुमच्या ग्रुपने एका बाइकला टर्बो बसवायचं ठरवलंय. तत्त्व सगळ्यांना पाठ आहे. सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. जुना टर्बो भंगारात मिळूनही जातो. पण तो इंजिनाला जोडणार कसा? तुमच्या बाइकच्या मापाचा मॅनिफोल्ड कुठल्याच दुकानात नाही. टर्बोला ऑइल नेणारी नळी नाही, फ्लॅन्ज नाही. मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडे चकरा सुरू होतात. पहिला पार्ट बसतच नाही. दुसरा बसतो, पण तापला की वेल्डिंगला चीर जाते. अशी बाइक रस्त्यावर आणायला आरटीओ देणार नाही, तो विषय वेगळाच!

बहुतेक प्रोजेक्ट इथेच मरतात. म्हणून आज अशा माणसाची ओळख करून घ्या, ज्याने बाजारात न मिळणारी वस्तू स्वतः बनवण्यातच आयुष्य घातलं. नाव तुम्ही शेतातल्या पंपावर हजारदा वाचलंय: किर्लोस्कर. त्या नावामागचे लक्ष्मणराव मात्र आपल्याला फारसे माहीत नसतात.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. पोराला चित्रकलेचं वेड. घर सोडून तो मुंबईला गेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे कळलं की त्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. आपल्यापैकी कित्येक जण असा एक धक्का बसला की गावाकडची गाडी पकडतात. लक्ष्मणने रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांच्या ड्रॉइंगला रंग लागत नाही. तो ते शिकला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचा मास्तर झाला. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. वर्कशॉप मात्र शेजारीच होतं.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. तिथे मोठे भाऊ रामूअण्णा आणि ते मिळून सायकलींचा धंदा करत. किर्लोस्कर समूह आपला जन्म आजही १८८८ च्या त्या सायकल दुकानापासून मोजतो. त्या काळी सायकल म्हणजे आजच्या सुपरबाइकसारखी चीज. विकायचीच नाही, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायची!

पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यावर त्यांचं समाधान होईना. छोटा कारखाना टाकून त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगराला हात घातला. असे नांगर तेव्हा परदेशातून यायचे आणि साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर असायचे.

आता म्हणाल, नांगर बनवण्यात काय एवढं? तुमच्या मॅनिफोल्डइतकंच अवघड आहे ते. आधी ड्रॉइंग. त्यावरून लाकडी पॅटर्न. पॅटर्नचा ठसा वाळूत उमटवायचा आणि त्या साच्यात वितळलेलं बीड ओतायचं. थंड होताना बीड आक्रसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. हा हिशेब चुकला की एका भागाचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर येत नाही. ड्रॉइंग मास्तरची नोकरी इथे कामी आली.

त्यातला खरा त्रासदायक पार्ट म्हणजे फाळ. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात नांगरट होते तेव्हा ढेकूळ दगडासारखं असतं. फाळ मऊ असेल तर झिजतो, फार कडक असेल तर तुटतो. यावर इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्येच एका युक्तीचं पेटंट घेतलं होतं. फाळाचा खालचा भाग साच्यात झटकन थंड करायचा, म्हणजे तेवढाच कडक होतो. वरचा मऊ भाग आधी झिजतो आणि धार आपोआप टिकते. एकाच तुकड्यात दोन स्वभाव. तापून चिरणाऱ्या तुमच्या वेल्डिंगचाही प्रश्न असाच आहे. आकार बरोबर असून भागत नाही, धातूला काय सोसावं लागणार हे आधी ठरवावं लागतं.

नांगर तयार झाला आणि खरी परीक्षा सुरू झाली, कारण कोणी तो घेईचना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! माल पडून, पैसा अडकलेला, घर चालवायचं आहे. शेतकऱ्यालाही वेडा म्हणू नका. वर्षाचं पोट ज्या जमिनीवर आहे, तिथे अनोळखी वस्तू घालायला आपल्याकडचा कपाशीवालाही दहादा विचार करेल. त्याला भाषण नको होतं, तासात चालणारा नांगर बघायचा होता. तो दिसला तसा खप सुरू झाला.

तेवढ्यात दुसरा फटका. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि बस्तान हलवायची वेळ आली. वय चाळिशीचं. मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. गंमत बघा, हे राजे स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. जागा कशी? निवडुंग, साप आणि रखरखीत माळ. १९१० मध्ये तिथे कारखान्यासोबत कामगारांचं गावही उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातलं आजचं किर्लोस्करवाडी ते हेच. पुढे स्टेशनचंही नाव तेच झालं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि लोखंड मिळेना. ओतायलाच काही नसेल तर फाउंड्री कसली? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. कधी काळी लढाईसाठी ओतलेलं लोखंड शेतात उतरलं.

पुढे कारखान्यात पंप आणि इतर यंत्रं बनू लागली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून शिकून आला. १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आता तुमच्या मॅनिफोल्डकडे या. लक्ष्मणरावांचा नांगर कारखान्यात जुळला तेव्हा यशस्वी झाला नव्हता. ज्याला कास्टिंगचं काही पडलेलं नाही अशा माणसाने तो बैलांमागे धरला, हंगामभर वापरला आणि शेजाऱ्याला दाखवला, तेव्हा झाला. त्याला दोन वर्षं लागली. तुमचा पार्ट दुसऱ्यांदा चिरला असेल तर तो फेकू नका. कुठून चिरला ते बघा, तारीख टाकून कागदावर काढून ठेवा आणि तो कागद घेऊन पुन्हा लेथवाल्या काकांकडे जा. तोंडी माप सांगणारं पोरगं आणि ड्रॉइंग घेऊन येणारं पोरगं, यात काकांना फरक कळतो.

आणि घरी शेती असेल तर येत्या सुट्टीत एक काम करा. नांगराचा झिजलेला फाळ हातात घ्या आणि तो कुठल्या बाजूने जास्त झिजलाय ते नीट बघा. मटेरियलचा एक आख्खा धडा त्यात आहे.