गोविंद बल्लाळ देवल : संगीत रंगभूमी आणि विवाहविचार

मराठी संगीत रंगभूमीच्या पहिल्या कालखंडात विवाहसंस्थेचा सर्वांत सातत्याने विचार करणारा नाटककार म्हणून गोविंद बल्लाळ देवल यांचा निर्देश करावा लागतो. १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळील हरिपूर येथे त्यांचा जन्म झाला. बेळगाव येथे शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुरू त्यांना लाभले. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि किर्लोस्करांच्या संगीत नाटकाची वाट मोकळी झाली. देवल त्याच परंपरेत घडले. नट, तालीममास्तर आणि नाटककार अशी तिहेरी कामगिरी त्यांनी बजावली.

देवलांच्या नावावर सात नाटके आहेत. त्यांपैकी ‘शारदा’ हे एकच स्वतंत्र असून बाकीची संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींवर आधारलेली आहेत. तथापि ही निवड केवळ सोयीची नव्हती. ‘दुर्गा’ (१८८६) मध्ये मृत समजला गेलेला पती परत येतो आणि पुनर्विवाहित स्त्रीचे जीवन उद्ध्वस्त होते. ‘ऑथेल्लो’वरून रचलेल्या ‘झुंझारराव’ (१८९०) मध्ये पतीचा संशय पत्नीचा बळी घेतो. ‘मृच्छकटिका’त गणिका असलेल्या वसंतसेनेला अखेर कुलवधूचे स्थान मिळते. उगमस्थाने भिन्न असली, तरी पत्नीपद कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळते, हा प्रश्न या नाटकांतून पुन्हा पुन्हा डोकावतो.

१८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. त्याआधी आठ वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. देवलांनी त्या वादातील कोणत्याही पक्षाची भूमिका पात्रांच्या तोंडी घातली नाही. द्रव्यलोभी कांचनभट, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित, वृद्ध श्रीमंत भुजंगनाथ आणि हताश इंदिराकाकू यांच्या व्यवहारातून मुलीच्या विक्रीची सारी यंत्रणा त्यांनी उघडी केली. शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांची पदे घरगुती मराठीत आहेत. थट्टेच्या आवरणाखाली मुलींची भीती व्यक्त होते. वडीलधाऱ्यांपुढे जे बोलता येत नाही, ते गाण्यातून बोलता येते. येथे संगीत हे रंजनाचे साधन न राहता मुक्या मुलीची वाणी बनते.

मात्र ‘शारदे’चा शेवट विचारात टाकणारा आहे. भुजंगनाथाशी होणारा विवाह वधूच्या नकारामुळे किंवा वराच्या वयामुळे मोडत नाही. वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो, म्हणून तो मोडतो. पुढे कोदंडाशी शारदेचा विवाह शंकराचार्यांच्या संमतीने मार्गी लागतो. म्हणजे रूढीने निर्माण केलेले संकट शास्त्राच्याच आधारे दूर होते आणि मुलीची इच्छा हा स्वतंत्र निकष ठरत नाही. ही देवलांच्या सुधारणावादाची मर्यादा मानता येईल. परंतु तत्कालीन प्रेक्षकाला न दुखावता त्याची सहानुभूती शारदेकडे वळवण्याचे सामर्थ्यही याच रचनेत आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचे ‘सारडा कायदा’ हे प्रचलित नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आले आहे. नाटकाशी त्याचा नामसंबंध नाही.

‘संशयकल्लोळ’ हे देवलांचे अखेरचे नाटक. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या मर्फीच्या प्रहसनावरून केलेल्या आपल्या पूर्वीच्या गद्य नाटकाला त्यांनी पदांची जोड दिली. मर्फीच्या मुळाशी मोलिएर होता. एका तसबिरीमुळे फाल्गुनराव व कृत्तिका परस्परांवर संशय घेतात आणि अश्विनशेठ व रेवती यांचे प्रेमही त्याच फेऱ्यात सापडते. ‘झुंझाररावा’त प्राणघातक ठरलेला संशय येथे हास्यास्पद ठरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे येथे पत्नीही पतीइतक्याच हक्काने संशय घेते आणि जाब विचारते. नायकिणीची मुलगी असलेली रेवती प्रतिष्ठित घराची सून होऊ शकते, हे सूत्र वसंतसेनेच्या कथेशी नाते सांगते.

१४ जून १९१६ रोजी देवलांचे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. त्यात बालगंधर्वांनी रेवतीची आणि गणपतराव बोडस यांनी फाल्गुनरावाची भूमिका केली. मुलीच्या असहायतेपासून पती-पत्नींच्या परस्पर जबाबदारीपर्यंत झालेला देवलांचा हा प्रवास मराठी संगीत नाटकाच्या सामाजिक आशयाची महत्त्वाची साक्ष आहे.