सभापतींची खुर्ची दोनदा सोडणारे संजीव रेड्डी

आपल्या पंचायत समितीला सभापती असतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. दिल्लीला लोकसभेलाही सभापती असतात. तिथे कोणी केव्हा बोलायचं ते त्यांनी सांगायचं आणि पंतप्रधानांनीसुद्धा ऐकायचं! एवढा मान सोडून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभं राहावं का? हा प्रश्न एकाच माणसापुढे दोनदा आला. त्यांची हकिकत मी आज सांगतो.

नीलम संजीव रेड्डी यांचा जन्म १९ मे १९१३ रोजी आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात इल्लूर या खेड्यात झाला. महात्मा गांधी १९२९ साली अनंतपूरला आले, तेव्हापासून त्यांनी खादी धरली. पुढे कॉलेज सोडून ते चळवळीत पडले. १९४२ साली त्यांना आपल्या अमरावतीच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिथे कामराज आणि व्ही. व्ही. गिरीही होते. गिरी हे नाव लक्षात ठेवा हं!

१९५६ साली ते आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. १७ मार्च १९६७ रोजी लोकसभेचे सभापती झाले. सभापतीनं सर्वांना सारखा न्याय द्यावा म्हणून त्यांनी आपल्या काँग्रेस पक्षाचं सभासदत्वच सोडलं. मला त्यांची ही गोष्ट फार आवडते.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन वारले. काँग्रेसनं रेड्डींना उमेदवार ठरवलं. सभापतिपद हातचं होतं, राष्ट्रपतिपदाची खात्री नव्हती. तरी १९ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्यांच्या अर्जावर सही केली होती, पण त्यांना हा उमेदवार मनातून नको होता. ज्यानं त्यानं सदसद्विवेकबुद्धीनं मत द्यावं, असं त्यांनी सांगितलं. पक्ष दुभंगला.

समोर उभे होते तेच गिरी! तिसरे आपल्या रायगड जिल्ह्याचे चिंतामणराव देशमुख. या निवडणुकीत आमदार-खासदार मत देतात आणि उमेदवारांना पसंतीचे क्रम लावतात. पहिल्या मोजणीत कोणालाच पुरेशी मतं पडली नाहीत. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजली. गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७. थोडक्यात गेलं! खुर्ची गेली ती गेलीच, वर पदही नाही. रेड्डी अनंतपूरला जाऊन शेती बघू लागले. १९७१ साली लोकसभेलाही ते पडले.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी घरीच बसला असता. १९७७ साली रेड्डी नंद्याळहून जनता पक्षातर्फे उभे राहिले. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसला गेल्या, उरलेली एक यांची! २६ मार्चला ते पुन्हा सभापती झाले. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद फेब्रुवारीतच वारले होते. पुन्हा तोच प्रश्न आला! पहिल्या खेपेचा अनुभव गाठीशी असूनही त्यांनी जुलैत खुर्ची सोडली. या वेळी सर्व पक्ष पाठीशी होते, एवढा फरक मात्र होता. ३७ जणांनी अर्ज भरले, ३६ बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. २५ जुलै १९७७ रोजी त्यांनी शपथ घेतली.

पाच वर्षांत त्यांनी मोरारजी देसाई, चरणसिंग आणि इंदिरा गांधी असे तीन पंतप्रधान पाहिले. १९८२ साली मुदत संपल्यावर ते परत अनंतपूरला गेले. १ जून १९९६ रोजी बंगलोर येथे त्यांचं निधन झालं.