डिझेल नावाचा माणूस आणि बंद पडलेला पिकअप

पुणे-सातारा महामार्गावर सारोळे ओलांडले की नीरा नदीचा पूल लागतो. या पट्ट्यात भाजी, दूध, सिमेंट वाहणारे डिझेल पिकअप रात्रंदिवस धावतात आणि त्यातला एखादा धावता धावता गपकन बंद पडतो. चालक सेल्फ मारतो, सेल्फ फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो. सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरत असेल तर तो बहुधा चुकीचा असतो. का, ते ज्याच्या नावाने हे तेल विकले जाते त्या माणसाच्या खटपटीत दिसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, एका जर्मन कुटुंबात झाला. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकला ते कार्ल फॉन लिंडे या शीतयंत्रांच्या जाणकाराच्या हाताखाली शिकले. टायफॉइडमुळे अंतिम परीक्षा हुकली, ती त्यांनी १८८० मध्ये दिली. वाफेचे इंजिन कोळशातली सुमारे नव्वद टक्के उष्णता वाया घालवते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात तिथेच बसली.

हवा जोरात दाबली की तापते. रुडॉल्फ यांनी ठरवले की हवा इतकी दाबायची, की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जावी आणि नेमक्या क्षणी तीत इंधन सोडावे. मग ठिणगीची गरजच नाही. १८९२ मध्ये त्यांनी पेटंट मागितले. १० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटले, दाब मोजणारे उपकरण फुटले, पण यंत्र स्वतःच्या बळावर फिरले नाही. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते सुमारे मिनिटभर चालले. खरे यश यायला १८९७ उजाडले. त्या वर्षीच्या चाचणीत इंजिनाने उष्णतेचा सव्वीस टक्के भाग कामी लावला.

मधली वर्षे मुख्यतः एका अडचणीत गेली: इंधन आत नेमके कसे सोडायचे? हवा दाबली जात होती, तापत होती, घोडे अडत होते ते इंधनापाशी. आजचा मेकॅनिकही बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो.

सेल्फ मारताना धुराड्याकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, जळत नाही. धूरच नसेल तर ते पोहोचतच नाही. मग टाकी बघावी, काट्यावर विश्वास ठेवू नये. फिल्टर तुंबला आहे का, त्यात पाणी साचले आहे का, पाइपातून एअर धरली आहे का, हे क्रमाने पाहावे. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंधन रोखणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली तर चावी फिरवल्यासारखेच इंजिन बंद होते. नव्या गाड्यांत फ्यूज, रिले किंवा क्रँक सेन्सर हेच काम करतात. सेल्फ एकदम हलका आणि वेगात फिरू लागला तर मात्र हात आवरावा. टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते आणि पुढचा प्रत्येक प्रयत्न व्हॉल्व्ह वाकवू शकतो. हे सगळे गाडी कडेला घेऊन, त्रिकोण ठेवून. महामार्गावर बॉनेटपेक्षा मागून येणारा ट्रक जास्त धोक्याचा.

रुडॉल्फ यांना यश मिळाले तरी चैन मिळाली नाही. सुरुवातीला विकलेली इंजिने ग्राहकांकडे बिघडू लागली, पेटंटचे वाद झाले. १८९८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. डोकेदुखी आणि संधिवाताने पुढेही पाठ सोडली नाही. पैशाचे व्यवहारही बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बेल्जियमहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तूंवरून मुलाने ओळख पटवली. आत्महत्या की आणखी काही, हा प्रश्न अजून चघळला जातो.

त्यांच्या इंजिनात इंधन आत फुंकायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर. तो गाडीत मावणे कठीण. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने शक्य झाला. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये उभी राहिली आणि विहिरीवरच्या इंजिनाची टकटक गावोगाव पोहोचली.

आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण दोन बार असतो. म्हणून या गाड्यांत जुन्या सवयीने नोझलचा पाइप सैल करून एअर काढणे जिवावर बेतू शकते. बारीक धार कातडी भेदून आत शिरते. सुरुवातीला फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही. काही तासांत आतला भाग सुजतो, मरू लागतो आणि बोट कापण्याची वेळ येते. असा ठिपका दिसल्यास वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि जास्त दाबाचे डिझेल शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

टाकी कोरडी निघाली की दुसऱ्या गाडीतून नळीने तोंडाने डिझेल ओढण्याची पद्धतही अशीच घातक. घोट घशाऐवजी फुप्फुसात गेला तर रासायनिक न्यूमोनिया होतो. अशा माणसाला उलटी करवू नये, दूध पाजू नये. खोकला किंवा धाप लागली तर तासाभराचीही वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. डिझेल उपसायला हातपंप मिळतो, तो गाडीत ठेवावा.