बाबासाहेबांचे व्हायोलिन

बाबासाहेब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथ येतात, संविधान येते, उगारलेले बोट येते. व्हायोलिन येत नाही. पण पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये त्यांचे व्हायोलिनही जपून ठेवले आहे.

संगीताची गोडी घरातलीच. वडील सुभेदार रामजी कबीरपंथी. सकाळ-संध्याकाळ घरात भजन होई, बहिणी गोड आवाजात पदे गात. १८९१ साली जन्मलेल्या भीमाच्या कानावर लहानपणीच कबीर पडला. पुढे १९१३ ला कोलंबिया, १९२० ला लंडन, १९२७ ला महाड, १९३० ला काळाराम मंदिर. अशा आयुष्यात छंदाला जागा कुठली? चळवळीचा निरोप गाण्यातून खेड्यापाड्यांत नेण्याचे काम भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी केले. बाबासाहेब मात्र उतारवयात, शरीर थकलेले आणि कामाचा डोंगर तसाच असताना, शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकायला बसले. सभा गाजवण्यासाठी नव्हे, स्वतःच्या मनासाठी.

ही गोष्ट लहान नाही. आपल्या माणसांनी वाद्य पिढ्यानपिढ्या वाजवले. पण ते पाटलाच्या दारात, दुसऱ्याच्या वरातीत, देवीच्या जत्रेत, जातीने लादलेली चाकरी म्हणून. माना ताठ झाल्या तेव्हा गावोगाव लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसे हुकमाचे डफडेही टाकले. योग्यच केले. बाबासाहेबांच्या हातातले वाद्य हुकमाचे नव्हते. कधी वाजवायचे आणि कधी खाली ठेवायचे, हे तेच ठरवीत. माणूसपणाच्या हक्कात हाही हक्क येतो.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत, अलीपूर रोडच्या बंगल्यात, त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदना लावायला सांगितली आणि डोळे मिटून स्वतःही गुणगुणले. जेवायला जाताना कबीराचे पद ओठांवर होते. झोपण्यापूर्वी आपल्या बुद्ध-ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी जवळ मागून घेतली. सकाळी ते उठले नाहीत. लहानपणीचा कबीर शेवटपर्यंत सोबत राहिला.

आम्ही पांढरकवड्याची माणसे. आमच्याकडे जयंती दणक्यात होते, पण डीजेच्या भिंतीपुढे गाणारा गळा ऐकू येत नाही. हुकमाचे डफडे टाकले ते बरे झाले. पण आवडीचे वाद्य हाती घेतले काय? एका दिवसाच्या डीजेच्या भाड्यात विहारासाठी एखादी पेटी आणि ढोलकी येऊ शकते. ती कपाटात बंद करू नये. पोरापोरींना हाताळू द्यावी. चुकत-माकत, ऐकून-ऐकून ती शिकतील. त्यांतले सगळेच गायक होणार नाहीत, व्हायलाही नकोत. दिवसभराच्या मजुरीनंतर, अभ्यासानंतर त्यांना स्वतःसाठी चार सूर काढता आले तरी पुष्कळ झाले. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून ही सुरुवात व्हावी.